आईला गाव दाखवायला आणलं

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर आधी खाली बस. कोणी गेलेलं नाही. आई ठीक आहे. समोरच्या पलंगावर तीन उशांना टेकून बसलीय आणि चहा पाणचट आहे म्हणून लॉजवालीच्या नावानं बोटं मोडतेय. म्हणजे ठीकच.

सहा वर्षं होऊन गेली आपल्याला बोलून. तुझी दोन पार्सलं मी न उघडता परत पाठवली. तिसरं तू पाठवलं नाहीस, त्याला मी काय म्हणणार? आज अचानक का लिहितेय ते विचारू नकोस. परक्या गावात आलोय, ओळखीचं कुत्रं नाही, आणि टेबलाच्या खणात कोरे कागद सापडले, एवढंच धर.

आईला हे गाव बघायचं होतं. टेलिफोन ऑफिसात ट्रंककॉल जोडायची तेव्हा इथल्या ऑपरेटर बाईंशी तिची रोज गाठ पडायची, आठवतं? दोघींनी एकमेकींचं नाव कधी विचारलं नाही. आपल्या घरात तिला 'नदीवाली' म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की लाइनवर मागे पाण्याचा आवाज यायचा. अठ्ठावीस वर्षं ऐकलेली नदी एकदा डोळ्यांनी बघू दे, असं आई दर उन्हाळ्यात म्हणायची आणि बाबा दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी' म्हणायचे. तर म्हटलं, नेऊन आणू.

दीड दिवसाचा प्रवास झाला. बस वेशीपर्यंतच येते. आत जुनं गाव सगळं डोंगराच्या उतारावर, दगडी पाट्यांची छपरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी, आणि अगदी तळाला नदी. हिरवट पाणी, घाईत असलेलं. रस्ता म्हणून इथे काही नाहीच. पायऱ्या. वर जायला पायऱ्या, दुकानात शिरायला पायऱ्या, शेजाऱ्याशी भांडायला जायचं तरी पायऱ्या. लोक लांबून फोटो काढायला येतात. मी वेशीपाशी चाकाच्या खुर्चीची मूठ धरून उभी होते आणि मला रडायला येत होतं.

पण इथे खुर्चीवाले मिळतात. दोन दांड्यांवर वेताची खुर्ची, एक माणूस पुढे, एक मागे. आम्हाला मिळाले ते दोघे पन्नाशीचे, सख्खे मेहुणे. पुढच्याची बहीण मागच्याच्या घरात. काहीतरी बिनसलंय आणि वर्षभर दोघांत शब्द नाही, पण धंदा एकट्यानं होत नाही. त्यामुळे सगळं बोलणं बसणाऱ्याच्या मार्फत.

"बाई, मागच्याला सांगा, आता ओल्या पायऱ्या आहेत."

"त्याला सांगा, मला डोळे आहेत."

आईला अर्धांगवायू झाल्यापासून इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. "थांबा, लाइन जोडून देते," म्हणाली आणि तळापर्यंत इकडचं तिकडे करत राहिली. वर तिखटमीठ लावून. खोलीत आल्यावर मला म्हणते, "दोघांपैकी चूक मागच्याची आहे, आवाजावरून कळतं."

मी दमलेय. उरलेलं उद्या.

तुझी धाकटी

५ ऑक्टोबर, दुपार

दादा,

आज सकाळी टेलिफोन ऑफिस बघायला गेलो. म्हणजे होतं ती जागा. नदीच्या घाटावर दुमजली दगडी इमारत, खाली आता लाकडी खेळणी आणि चित्रांची कार्डं विकतात. पुढच्या-मागच्यानं आईला खुर्चीसकट थेट दुकानात नेऊन गल्ल्यासमोर ठेवलं. गिऱ्हाइकं बाजूला झाली.

दुकानदार म्हातारा आहे, त्यानं नदीवालीला पाहिलेलं. "उंच बाई. मोठ्यानं हसायच्या. निवृत्त झाल्या आणि मुलाकडे सपाटीवर राहायला गेल्या. पंधरा वर्षं तरी झाली. गुडघे गेले होते."

मला वाटलं आई हिरमुसेल. ती म्हणाली, "जाणारच. या पायऱ्यांवर कोण मरायला राहील." मग त्यानं मागची खिडकी उघडली. नदी अगदी खाली, हात घातला तर भिजेल अशी. आईनं डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. मी घड्याळ बघत होते. दहा वाजता तिची गोळी असते, साडेदहाला बाथरूम. तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट चालली होती आणि माझ्या डोक्यात बाथरूम. हे तुला कळणार नाही असं मी लिहिणार होते, पण कदाचित कळेल.

शेवटी डोळे उघडून म्हणाली, "फोनवर जास्त चांगली वाटायची." आणि मग, "चल, मला जायचंय." दहा पस्तीस झाले होते.

काल मी लिहिलं की आईला गाव बघायचं होतं म्हणून आलो. ते खरं आहे. तेवढंच नाही, एवढं आज लिहिते.

माझी पाठ गेलीय. मणक्यातली चकती सरकलीय. पाच किलोच्या वर उचलू नका, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, आई बासष्ट किलोची आहे. ते म्हणाले, मग आईला उचलू नका. दाराशी पोचल्यावर मला हसू आलं. डॉक्टर लोकांना सगळं सोपं असतं.

दातांच्या लॅबमध्ये मी आता आठवड्यातून तीनच दिवस जाते. बाकी कवळ्या घरी आणून घासते, पॉलिश करते. आई झोपली की. आईची कवळीही मीच केली, बरं का. खालची तिला कधी बसली नाही, हे ती दिवसातून चारदा ऐकवते. 'लोकांच्या तोंडात बरोबर बसतात, आईच्याच तोंडात डुगडुगतात.'

तिला जेवायला द्यायची वेळ झाली.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा,

एकाच दिवशी दुसरं पत्र. पहिलं अजून टाकलेलं नाही. टाकण्याआधी सगळं लिहून टाकावं असं वाटतंय, नाहीतर मी पुन्हा अर्धंच सांगेन.

दुपारी आई झोपल्यावर मी लॉजवालीला तासभर लक्ष ठेवायला सांगून बाहेर पडले. दुकानं बघायला नाही. घाटाच्या टोकाला एक जुनी वखार आहे. पूर्वी नदीतून लाकूड यायचं ते तिथे रचायचे. आता तिथे ज्यांना उठता-बसता येत नाही असे म्हातारे लोक ठेवून घेतात. गावात त्याला 'नदीकाठचं घर' म्हणतात. गेला दीड महिना मी त्यांच्याशी पत्रव्यवहार करतेय. फॉर्म भरलेला माझ्या बॅगेत आहे. आठ तारखेची वेळ घेतलेली आहे.

हो. तेच, जे तू सहा वर्षांपूर्वी म्हणाला होतास. ज्यावरून मी चार माणसांसमोर तुला म्हटलं की आईला टाकायला निघालास, आजपासून मला भाऊ नाही.

आता हस किंवा कागद फाड. पण आधी एवढं वाच.

ऑगस्टमधली गोष्ट. मी तिला बाथरूममध्ये बसवलं आणि नेहमीप्रमाणे बाहेर थांबले. तिनं हाक मारली. नेहमी मारते, 'चिंगे, झालं.' मी गेले नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. तिनं पुन्हा हाक मारली. मी रेडिओ लावला. तिसऱ्या हाकेला रेडिओचा आवाज वाढवला. कसली तरी शेतकी माहिती चालू होती, खतांची. ती मी शेवटपर्यंत ऐकली. पंचवीस मिनिटं, दादा. मग उठून गेले, तिला पुसलं, उचललं, पलंगावर निजवलं. ती काही बोलली नाही, मीही नाही. तिचे पाय गार पडले होते.

त्या आठवड्यात मी या घराला पहिलं पत्र लिहिलं. मला पाठीची भीती नव्हती वाटली. माझीच वाटली.

घर चांगलं आहे. व्यवस्थापिका बाई आधी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून बोट रोखून बोलतात. फरशी पुसलेली. वास नाही, मी मुद्दाम कोपऱ्यात जाऊन पाहिलं. उचलायला दोघी आया येतात आणि एक कप्पीची झोळी आहे, माणूस अलगद वर जातं. मी त्या झोळीकडे बघत उभी राहिले. बाई म्हणाल्या, "तुम्ही बसता का जरा?" माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे.

आईला अजून काहीच माहीत नाही. तिला मी हवापालट म्हणून सांगितलंय. त्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून तिकडे न्यायचं, बाईंनी बोलायला सुरुवात करायची, असं ठरलंय. बाई म्हणाल्या, "आम्हाला सवय आहे. पहिल्या दिवशी बहुतेक जण रडतात." मी विचारलं, म्हातारे की मुलं? त्या म्हणाल्या, "दोन्ही."

६ ऑक्टोबर, संध्याकाळ

दादा,

घोळ झाला.

सकाळी आईला घाटावरून फिरवायला काढलं. ऊन छान होतं, आईनं डोक्याला माझी ओढणी बांधून घेतली होती. वखारीसमोर आलो आणि पुढचा थांबला. भला माणूस. त्याच्या मनात काही नाही.

"ताई, हेच ना? काल दुपारी तुम्ही आत गेल्या होत्या. आईंना पण दाखवायचंय का? दाराला चारच पायऱ्या आहेत, नेतो की."

मी म्हटलं, "नको, पुढे चला."

आई म्हणाली, "थांबा." दारावरची पाटी तिनं वाचली. पाटी मोठी आहे आणि आईच्या नजरेला काही झालेलं नाही. मग मागच्यानं विचारलं, "त्याला विचारा, थांबायचं की निघायचं." पहिल्यांदाच आईनं निरोप पुढे दिला नाही.

"निघायचं," मी म्हटलं.

त्यानंतर ती बोललेली नाही. गोळ्या घेतल्या, जेवली, तोंड पुसू दिलं. उचलताना नेहमी डाव्या हातानं माझ्या मानेला धरते, तसं धरलं नाही. नुसतं वजन टाकलं. बासष्ट किलो किती असतात ते मला आज कळलं.

चार वाजता लॉजवाली विचारायला आली, आईंना बरं नाही का. मी म्हटलं, दमल्यात. आई भिंतीकडे तोंड करून होती.

मला वाटलं होतं ती ओरडेल. मी सहा वर्षांपूर्वी ओरडले तशी. त्याची तयारी करून आले होते. तू तेव्हा काय केलंस रे? मी ओरडले आणि तू बॅग उचलून निघून गेलास, एवढंच मला आठवतं. बसमध्ये बसल्यावर काय केलंस?

७ ऑक्टोबर, सकाळ

दादा,

बोलली.

सकाळी कवळी धुवायला घेतली होती. कवळी नसली की तिचं निम्मं बोलणं हवेत जातं, त्यात तोंडाची उजवी बाजू उचलत नाही. पण आज शब्दन् शब्द कळला.

"किती दिवस ठरवत होतीस?"

"ऑगस्टपासून."

"आणि मला म्हणालीस गाव दाखवते."

"तेही होतं, आई. दोन्ही होतं."

"कवळी दे इकडे."

मी दिली. डाव्या हातानं बसवली, दोनदा चावून पाहिली.

"हात गेलाय माझा. डोकं जागेवर आहे. विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते. रडले असते. तुला वाट्टेल ते बोलले असते, चार दिवस जेवले नसते. पाचव्या दिवशी हो म्हणाले असते." मग श्वास घेतला. "ते चार दिवस तू मला दिले नाहीस. गाठोडं बांधलंस आणि बसमध्ये टाकलंस."

 मी पलंगाच्या कडेवर बसले. मग रेडिओचं सांगितलं. तिला सांगायचं नव्हतं, तुलाच लिहून मोकळी होणार होते, पण तोंडातून निघालं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी आतच होते की."

"तू काही बोलली नाहीस."

"काय बोलणार? मी म्हटलं, संपली ही आता. तिसऱ्यानंतर मी हाका मारायच्या थांबवल्या, ते घसा बसला म्हणून नाही. म्हटलं, बसू दे पोरीला थोडं."

दादा, पंचवीस मिनिटं ती गार फरशीवर पाय ठेवून, मला बसू देत होती.

तिनं मला जवळ घेतलं वगैरे असं काही झालं नाही. ती रागावलेलीच आहे. मी उठवायला गेले तर म्हणाली, "नको. मुलीला बोलव." म्हणजे लॉजवालीच्या मोलकरणीला. आम्ही दोघींनी मिळून उठवलं. मग चहा प्यायली, पुन्हा पाणचट म्हणाली, आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "उद्याची वेळ घेतलीयस ना? मोडू नकोस. बघायचंय मला."

८ ऑक्टोबर, दुपार

दादा,

आज आई गेली आणि ते घर तपासून आली. त्याला दुसरा शब्द नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी नेहमीचं बोलायला सुरुवात केली, "आजी, इथे तुम्हाला अगदी घरच्यासारखं..." आईनं डावा हात वर केला. "ते राहू दे. मला विचारू दे."

रात्रीची आया किती जणांमागे असते? घंटा वाजवल्यापासून किती वेळात येते? आंघोळ रोज की दिवसाआड? पुरुष माणूस आंघोळ घालतो का? कोणी दगावलं तर बाकीच्यांना सांगता की गुपचूप पलंग हलवता? बाई आधी हसून उत्तरं देत होत्या, मग वही काढून देऊ लागल्या. शेवटी आई म्हणाली, "मला त्या झोळीत बसवा." बसवलं. कप्पी फिरली, आई वर गेली. पांढरे केस, पाय लोंबतायत, चेहऱ्यावर असा भाव की जिल्हाधिकारी पाहणीला आलाय. वरूनच मला म्हणाली, "चिंगे, हे बरं आहे गं."

खाली उतरवल्यावर बाईंना म्हणाली, "घर चांगलं आहे तुमचं. कष्ट दिसतात. मी इथे राहणार नाही."

बाहेर घाटावर खुर्ची ठेवायला सांगितली, दोघा मेहुण्यांना चहा प्यायला पिटाळलं आणि माझ्याकडे वळली.

"एवढ्या लांब का शोधलंस?"

"हवा चांगली आहे. आणि तुला नदी..."

"हवा आपल्याकडे पण आहे. खरं बोल."

मग मी खरं बोलले. तुलाही तेच सांगायचं आहे. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, का लिहितेय ते विचारू नकोस. आता वाच.

मी गल्लीत सगळ्यांना सांगणार होते की आई तुझ्याकडे राहायला गेली. मुलाला वाटलं, आईचं करावं, म्हणून घेऊन गेला. सगळे म्हणाले असते, चला, आली बुद्धी. गावातल्या गावात ठेवलं असतं तर कोणीतरी पाहिलं असतं. जी बाई भावाला 'आईला टाकतोस' म्हणून ओरडली, तिनंच टाकली, असं झालं असतं. म्हणून दीड दिवस लांबचं घर. आणि तुला पत्र का, तर उद्या कोणी तुला फोन केला तर तू नाही म्हणू नयेस. एवढ्यासाठी. सहा वर्षांनी मला भाऊ आठवला तो खोट्याला साक्षीदार पाहिजे म्हणून.

पहिलं पत्र लिहायला बसले तेव्हा हे मागायचं होतं. मागता आलं नाही, म्हणून पायऱ्या आणि मेहुणे लिहीत बसले.

आईनं ऐकून घेतलं. नदी बरीच मोठ्यानं वाहते इथे, तिला मला जवळ बोलवावं लागलं.

"लोकांना तू घाबरतेस, मी नाही. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या भानगडी कानानं ऐकल्यात, कोणाचंच घर धुतल्या तांदळाचं नाही. आपल्याच गावात बघ काहीतरी. कोणी विचारलं तर मी सांगेन, माझी मी आले."

"बघते."

"आणि मोठ्याला बोलव. दोघांनी मिळून ठेवा मला. एकटीनं ठेवलंस तर मी मेल्यावरही कुढत बसशील, आणि तो तिकडे 'मी सांगत होतो' म्हणत मिशीला पीळ देईल. ते नको."

मी म्हटलं, त्याला मिशी नाही. ती म्हणाली, "सहा वर्षांत ठेवली असेल. तुला काय माहीत?"

दादा, माझी विनंती अशी आहे, आणि ही खरी. आम्ही परवा निघतोय. गावातली दोन-तीन ठिकाणं मी पाहून ठेवते. नोव्हेंबरात दोन दिवस काढून ये. कोणाला काही खोटं सांगायचं नाही. माझ्याच्यानं एकटीनं होत नाही, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे.

सगळी पत्रं एकाच पाकिटात टाकतेय. तारखेप्रमाणे वाच. पहिली वाचून बाकीची टाकून देऊ नकोस.

धाकटी

२३ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड पोचलं. नीट पोचलास हे वाचून बरं वाटलं. वहिनीला सांग, शाल आईला आवडली. 'रंग भडक आहे' म्हणाली आणि काढत नाही.

आपण आईला गावातल्या आश्रमात ठेवलं आणि तू गेलास, तेव्हापासूनचा वृत्तांत. पहिले तीन दिवस आई कोणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवली. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त न्यायाधीश बाई आहेत, त्या रात्रभर घोरतात आणि दिवसभर तसं कबूल करत नाहीत. आईनं आयांना साक्षीला घेऊन खटला उभा केलाय. मी मंगळवारी गेले तेव्हा दोघी एकमेकींकडे पाठ करून होत्या, गुरुवारी गेले तर एकाच ताटलीतून बिस्किटं खात होत्या. पायाची सूज कमी आहे. रडली एकदाच, मी निघताना, आणि लगेच म्हणाली, "दार लावून घे, वारा येतो."

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मीच. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंपासून सुरुवात केली, म्हणजे पुढचं त्याच करतील. तोंडं वाकडी झाली काहींची. एक जण म्हणाली, "भावानंच घेऊन जायला हवं होतं." मी म्हटलं, भाऊ आला होता, आम्ही दोघांनी मिळून ठेवलं. तिला ते आवडलं नाही. मला बोलताना बरं वाटलं.

घर फार मोठं झालंय. पहाटे पाचला जाग येते, पाय खाली सोडते आणि मग आठवतं की कुणाला कूस बदलून द्यायची नाही. पुन्हा आडवी होते. कधी झोप लागते, कधी नाही. लॅबमध्ये पाच दिवस जायला लागलेय. हात जड पडलेत, काल एका गृहस्थाचे पुढचे दात दोन छटा पिवळे केले. डॉक्टर म्हणतात, पाठीला सहा महिने लागतील. बाकीच्या दमण्याला किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी तू म्हणालास, "मी तेव्हा बरोबर होतो, एवढं तरी कबूल कर." आणि मी तुझी बॅग आत ढकलली आणि पाण्याच्या बाटलीचं काहीतरी बोलले. तू खिडकीतून बराच वेळ बघत होतास. मला दिसत होतं.

बरोबर होतास. घे, लिहून दिलं.

पण तू चौथ्या दिवशी बरोबर होतास, दादा. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांचा कप अजून मोरीत पडला होता, मला तो घासवत नव्हता. आणि तू आश्रमाचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवलंस, आईच्या समोर, मीठ ठेवावं तसं. महिनाभर थांबला असतास तर कदाचित मी ऐकलं असतं. कदाचित नसतंही. मला तेव्हा वाटत होतं माझ्या अंगात दहा बायकांचं बळ आहे.

आणि मी चुकले असेन, पण सहा वर्षांत तिच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. आश्रमातल्या नर्सनं पहिल्या दिवशी तिला कुशीवर वळवून पाहिलं आणि मला विचारलं, "कोण करत होतं यांचं?" तू बाहेर कागदांवर सह्या करत होतास, तू ऐकलं नाहीस. म्हणून सांगतेय. हे तुला माहीत असावं असं मला वाटतं.

ओरडले त्याबद्दल माफी मागायची की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. भाऊ नाही म्हणाले, त्याबद्दल मागते.

जानेवारीत मुलांना सुट्टी आहे म्हणालास, तेव्हा सगळे या. आईला दुपारी चार ते सहा भेटता येतं. मी स्टेशनवर येणार नाही, ते दगदगीचं होतं. किल्ली शिंपीणबाईंकडे ठेवते. मी झोपलेली असले तर उठवू नका, चहाचं सामान डाव्या कपाटात आहे.

तुझी धाकटी